झाकलेल्या नावाची खोली : अमेरिकेत हॉटेलचा भाव कसा पाडावा

जनावरांच्या बाजारात किंवा वाशीच्या आंबा बाजारात रुमालाखालचा सौदा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे पुढचं सगळं पटकन कळेल. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. लपवायचं कारण साधं आहे. एकाला कमी भावात दिलं हे कळलं, की सगळेच तो भाव मागणार.

अमेरिकेतली हॉटेलं हेच करतात. फक्त रुमाल आकड्यावर न टाकता स्वतःच्या नावावर टाकतात.

न्यू जर्सीत राहायला आलो त्या काळात आम्ही देसी मंडळी हॉटेलच्या खोलीसाठी खरोखरची बोली लावायचो. प्राइसलाइन ही साइट जे वॉकर यांनी १९९८ साली सुरू केली ती याच कल्पनेवर : तुमचा भाव तुम्हीच सांगा. शहर निवडा, शहराचा भाग निवडा, किती ताऱ्यांचं हॉटेल हवं ते सांगा, कार्डाचा नंबर द्या आणि आकडा टाका. कुठल्या तरी हॉटेलनं तो मान्य केला की पैसे तत्क्षणी कापले जात आणि मग नाव कळे. रद्द करणं नाही, बदल नाही.

गंमत आत होती. हॉटेलांनी आपले खालचे, गुप्त भाव आधीच तिथे देऊन ठेवलेले असत. तुमची बोली त्या भावाच्या वर गेली तर मधला फरक साइटला. म्हणजे हॉटेल ६० डॉलरला तयार असताना तुम्ही ९० टाकले, तर ३० डॉलर गेले, आणि गेले हे तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून खालून सुरुवात करून हळूहळू वर चढायचं. पण बोली नाकारली गेली तर तीच मागणी घेऊन २४ तास परत येता येत नसे; काहीतरी बदलावं लागे. यावर लोकांनी तोड काढली होती. समजा तुम्हाला चार ताऱ्यांचं हॉटेल ‘अ’ भागातच हवंय. नकाशावर असा ‘ब’ भाग शोधायचा की जिथे चार ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही. पहिली बोली फक्त ‘अ’ला. नाकारली, की ‘ब’ जोडायचा आणि आकडा पाच डॉलरनं वाढवायचा. साइटच्या लेखी मागणी बदलली, पण हॉटेल मिळालं तर ते ‘अ’मध्येच मिळणार. असे दोन-तीन रिकामे भाग सापडले की तितक्या जास्तीच्या बोली फुकट. मधेच ‘इतके डॉलर वाढवा, खोली तुमची’ असा उलटा प्रस्ताव आला, की समजायचं आपण जवळ पोचलोय. लगेच हो म्हणायचं नाही.

विमानतिकिटांची ती बोली २०१६ साली बंद झाली, पुढच्या काही वर्षांत हॉटेलांचीही गेली. उरला तो रुमाल. प्राइसलाइनवर ‘एक्स्प्रेस डील’ आणि २००० साली सुरू झालेल्या हॉटवायर या दुसऱ्या बुकिंग साइटवर ‘हॉट रेट’ या नावानं तो आजही आहे. आता भाव समोर लिहिलेला असतो, झाकलेलं असतं ते नाव. पूर्वी आकडा ओळखायचा होता, आता हॉटेल ओळखायचं. डोकं तेच लागतं.

हॉटेलं असं का करतात हे एकदा नीट समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. संध्याकाळच्या पालेभाजीसारखंच आहे ते. पण उघडपणे भाव पाडला तर महिन्याभरापूर्वी पूर्ण दरानं बुक केलेला माणूस भडकणार, कंपनीच्या ठरीव दरानं येणारा नव्यानं भाव करणार, आणि बाकीच्या बुकिंग साइट्स ‘आमच्याकडे का नाही हा दर’ म्हणून करारावर बोट ठेवणार. नाव झाकलं की हे तिन्ही प्रश्न मिटतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे मूठ झाकून ती स्वस्त होते. त्यामुळे सवलत ही तुमच्या अनिश्चिततेची किंमत आहे. अनिश्चितता तुम्ही स्वतःच आधी कमी केलीत, तरी सवलत तेवढीच राहते. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे.

आधी गाव बघा

झाकलेली खोली तिथेच घ्यावी जिथे एकाच दर्जाची पुष्कळ हॉटेलं एकमेकांच्या उरावर उभी आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, लास व्हेगास, ओरलँडो, कुठल्याही मोठ्या विमानतळाचा परिसर. चार हॉटेलांच्या गावात कुणी भाव पाडत नाही, आणि पाडला तरी नाव लगेच ओळखू येईल म्हणून झाकत नाही.

तसंच गर्दीच्या मोसमाचं. मे महिन्यात मुलांच्या पदवीदान समारंभाला पुण्या-नाशिकहून आईवडील येतात. त्या शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या गावात झाकलेल्या खोलीची वाट बघत बसू नका. कित्येक महिने आधी जे रद्द करता येईल ते बुक करा आणि विषय संपवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, अधिवेशनाचंही तेच. आयोजकांनी घेतलेला सामुदायिक दर थोडा जास्त वाटला तरी तोच घ्यावा. निम्मं अधिवेशन हॉटेलच्या लॉबीत रात्री एक वाजता होतं, आणि तुम्ही चाळीस डॉलर वाचवून तीन मैल लांब झोपलेले असता.

वारही बघा. जिथे कामासाठी येणारे लोक उतरतात तिथे शनिवार-रविवार स्वस्त : न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचं खालचं टोक, सिलिकॉन व्हॅली. जिथे मजा करायला जातात तिथे रविवार ते गुरुवार स्वस्त : लास व्हेगास. पण तिथेही मोठं व्यापारी प्रदर्शन असलं की गणित उलटं होतं. जानेवारीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनाच्या आठवड्यात व्हेगासच्या वाटेला जाऊ नका. न्यूयॉर्क जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात पडेल भावात मिळतं, त्याच्या आदल्याच महिन्यात सगळ्यात चढ्या.

खिशात एक खोली ठेवा

तारखा ठरल्या की पहिलं काम म्हणजे रद्द करता येणारं एक बरं बुकिंग करून ठेवणं. मोठ्या साखळी हॉटेलांच्या स्वतःच्या साइटवर असा दर बहुतेक वेळा मिळतो. तो सर्वांत स्वस्त नसतो, नसू दे. भाव करताना ‘नाही जमत, चाललो’ म्हणता येणाऱ्यालाच भाव मिळतो, हे तुळशीबागेत शिकलेलं तत्त्व आहे. खिशात खोली असली की तुम्ही निवांत राहता. नसली की शेवटच्या आठवड्यात दिसेल त्यावर बोट दाबता.

हे बुकिंग मापदंड म्हणूनही कामाला येतं. त्याचा कर धरून एकूण आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक तुलना त्याच आकड्याशी.

आता रुमाल उचला

याला वेळ द्या. अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्यातच खरी कमाई आहे.

झाकलेल्या खोलीबद्दल साइट इतकं सांगते : शहराचा भाग, तारे, पाहुण्यांनी दिलेले गुण, काही सोयी, आणि बऱ्याचदा मूळ दरापेक्षा किती टक्के कमी ते. हे सगळे ठसे आहेत. दुसऱ्या खिडकीत त्याच साइटवर, त्याच तारखांना, नावं उघडी असलेली नेहमीची यादी लावा. साइट तीच हवी, कारण तारे प्रत्येक साइट आपापल्या मोजपट्टीनं देते. एकीकडे साडेतीन तारे असलेलं हॉटेल दुसरीकडे चारचं असू शकतं.

मग गाळत जायचं. आधी भाग. नकाशावर त्याची हद्द नीट पाहा. नावात ‘मिडटाउन’ आहे म्हणून सगळं मिडटाउन टाइम्स स्क्वेअरला लागून नसतं. मग तारे, मग गुण. इतक्यात वीस हॉटेलांची सहा-सात झालेली असतात. आता सोयी. सगळीकडे असणाऱ्या सोयींचा काही उपयोग नाही, वायफाय आणि व्यायामशाळा सोडून द्या. जे त्या भागात दुर्मीळ, ते धरा. मॅनहॅटनमध्ये पोहण्याचा तलाव असलेली हॉटेलं मोजकी, त्यामुळे यादीत तलाव दिसला की अर्धं काम झालं. अडीच-तीन ताऱ्यांत फुकट नाश्ता असला की काही ठरावीक साखळ्याच उरतात. विमानतळाची मोफत गाडी, कुत्र्या-मांजरांना परवानगी, खोलीत छोटं स्वयंपाकघर, हे सगळे चांगले ठसे.

त्यानंतर टक्केवारी उलटी फिरवा. समजा झाकलेली खोली १५८ डॉलरला आहे आणि वर लिहिलंय ‘३४ टक्के कमी’. १५८ ला ०.६६ नं भागा, आलं साधारण २३९. आता उघड्या यादीत त्या भागात, तितक्याच ताऱ्यांत, २३९ च्या आसपास कोण बसलंय ते बघा. एकच जण असेल तर तो तुमचा. हा भागाकार मला फार आवडतो. साइटनं स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा तिचंच गुपित सांगतो.

तरीही दोघं-तिघं उरले तर तारखा हलवून बघा. एक दिवस पुढे, एक मागे. उघड्या यादीतलं एखादं हॉटेल ज्या रात्री भरलेलं आहे, नेमकी त्याच रात्री झाकलेली खोलीही गायब झाली, तर संशय पक्का करा. उलट ते हॉटेल भरलेलं असूनही झाकलेली खोली तशीच दिसत असेल, तर त्याच्याकडून थोडं दूर सरका. शंभर टक्के पुरावा नव्हे, पण बऱ्यापैकी.

एवढं करून एकच नाव उरलं तर उत्तम. तीन उरली तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : या तिघांतलं मला सर्वांत नावडतं हॉटेल वाट्याला आलं तर चालेल का? चालत असेल तर घ्या. ‘बहुधा ते चांगलंच मिळेल’ या आशेवर घेऊ नका. आशेवर घेतलेल्या खोलीत शिरताना माणूस आधीच रागावलेला असतो.

प्राइसलाइनवर ‘प्राइसब्रेकर’ म्हणून आणखी एक प्रकार आहे. तिथे तीन हॉटेलांची नावं सरळ दाखवतात आणि त्यातलं एक मिळणार इतकंच सांगतात. वरची सगळी मेहनत नको असेल त्यांनी तिथे जावं. प्रश्न तोच.

मोठा आकडा खोटा, खालचा खरा

इथे भले भले फसतात. हॉटेलवरचा कर आणि ‘रिसॉर्ट फी’ किंवा ‘डेस्टिनेशन फी’ नावाची सक्तीची रक्कम मिळून स्वस्त खोली कुठल्या कुठे जाते. व्हेगासला हे शुल्क सर्रास, न्यूयॉर्कला पुष्कळ ठिकाणी. तुम्ही व्यायामशाळेत पाऊल टाका न टाका, द्यावं लागतंच.

न्यूयॉर्कचं गणित करून दाखवतो. तिथे खोलीवर १४.७५ टक्के कर आणि वर रात्रीला साडेतीन डॉलर. समजा आपली ती १५८ ची झाकलेली खोली, आणि हॉटेलचं शुल्क ३५ डॉलर. झाले १९३. कर धरून २२१ आणि साडेतीन, म्हणजे जवळजवळ २२५. दुसरीकडे शेजारच्या गल्लीत शुल्क न घेणारं एक साधं हॉटेल उघड्या नावानं १९५ ला आहे. कर धरून ते होतं २२७. फरक दोन डॉलरचा! दोन डॉलरसाठी रद्द करण्याचा हक्क सोडायचा आणि नावही माहीत नाही, हा सौदा नव्हे. शिवाय काही साइट्स करांच्या ओळीत स्वतःचं सेवाशुल्कही मिसळतात, म्हणजे तेही गेले.

१२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम असा आहे की सक्तीचं शुल्क जाहीर किमतीतच धरून दाखवायचं. त्यामुळे आता पूर्वीइतका धक्का बसत नाही. पण सरकारी कर वेगळा दाखवायला मुभा आहे, म्हणून तुलना शेवटच्या पानावरच्या एकूण रकमेचीच करायची. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर परकीय चलनाचं शुल्क पकडा. बहुतेक कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

पलंगाचं प्रकरण

झाकलेली खोली दोन मोठ्या माणसांसाठी असते, एवढंच वचन. पलंग एक की दोन, हे तुम्ही मागू शकता. मिळेलच असं नाही.

आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना शिकागो दाखवायला नेलं. मी मोठ्या ऐटीत नदीकाठच्या एका भारी हॉटेलची खोली निम्म्या भावात मारली होती. रात्री साडेदहाला पोचलो. खोलीत एकच मोठा पलंग, हॉटेल भरलेलं, फिरता पलंगही शिल्लक नाही. बाबांनी पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “स्वस्तात मिळवलीस ना? मग सतरंजी बघ आता.” मी गालिच्यावर झोपलो. चूक माझीच होती. तिघांसाठी झाकलेली खोली घ्यायचीच नव्हती.

तेव्हापासून माझा नियम असा : दोघं असू तर झाकलेली, तिघं-चौघं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर उघडी. जिना चढवत नाही, न्हाणीघरात धरायला दांडा लागतो, अशी एखादी ठाम गरज असेल तरी उघडीच. हॉटेलच्या साखळीचे पॉइंट साठवणाऱ्यांनीही विचार करावा, कारण असल्या बुकिंगवर ते सहसा मिळत नाहीत. साखळीच्या सभासद-दरावर समाधान मानलेलं त्यांना अनेकदा जास्त फायद्याचं.

मॅरियट, हिल्टनसारख्या साखळ्या ‘दुसरीकडे स्वस्त दिसली तर तो दर देऊ आणि वर २५ टक्के सूट’ असं म्हणतात. ते खरं आहे, पण झाकलेल्या नावाचा दर त्यात धरत नाहीत. रुमालाखालचा भाव बाजारात बोलायचा नसतो!

केव्हा आणि कितीला

माझा हिशोब असा आहे. एकूण रकमेत खिशातल्या बुकिंगपेक्षा २० टक्क्यांहून कमी बचत होत असेल तर हात लावत नाही. रद्द करण्याच्या हक्काची किंमत मी तेवढी धरतो. ३० टक्क्यांच्या वर आणि नाव जवळजवळ ओळखलेलं, तर घेऊन टाकतो.

शोध एकदाच करू नये. निघायच्या महिनाभर आधी एकदा, पंधरा दिवस आधी एकदा, आणि मग शेवटच्या तीन-चार दिवसांत रोज. शेवटी शेवटी भाव हलतात त्याला कारण आहे : बऱ्याच बुकिंगांची फुकट रद्द करण्याची मुदत एक-दोन दिवस आधी संपते, त्याच सुमाराला तुमच्यासारखेच शहाणे लोक आपापल्या खिशातल्या खोल्या सोडतात, आणि हॉटेलच्या हाती अचानक रिकाम्या खोल्या येतात. शेवटच्या घटकेलाच घ्यायची तयारी असेल तर ‘हॉटेलटुनाइट’ हे बुकिंगचं अॅपही बघा. २०१० साली सुरू झालेलं, २०१९ पासून एअरबीएनबीच्या मालकीचं. तिथे बहुतेक नावं उघडी असतात.

पैसे भरण्याआधी तारखा मोठ्यानं वाचा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, ०५/०७ म्हणजे सात मे, पाच जुलै नव्हे. विमानतिकीट काढल्यावर २४ तासांत रद्द करण्याची जी सोय तिथे आहे ती हॉटेलला लागू नाही, हेही लक्षात असू द्या; अनेकांचा तसा समज असतो. आणि जो माणूस खरोखर काउंटरवर उभा राहणार आहे त्याच्याच नावानं घ्या, पासपोर्टवर आहे तसं.

नाव उघड झालं की एक दिवस थांबा, मग साइटला नव्हे तर थेट हॉटेलला फोन करा. रिसेप्शनवाल्याशी गोड बोला, दोन पलंग हवेत, वरचा मजला चालेल, लिफ्टपासून लांब दिलीत तर बरं, असं सांगा. सवलतीत आलात हे त्यांना पडद्यावर दिसतंच, लपवण्यात अर्थ नाही. तरी विचारणाऱ्याला मिळतं. रविवारी रात्री उतरणार असाल तर जास्तच.

काउंटरवर अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे काही दिवस खात्यातून गायब होतात, म्हणून क्रेडिट कार्ड न्या. शिकायला गेलेल्या पोरांसाठी आणखी एक : व्हेगाससारख्या ठिकाणी २१ वर्षं पूर्ण नसली तर खोलीच देत नाहीत, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

नवी खोली पक्की झाल्याची मेल आली, नाव वाचलं, नकाशावर बघितलं, की मगच खिशातली जुनी खोली सोडा. त्या मुदतीचं घड्याळ हॉटेलच्या गावचं असतं. संध्याकाळी सहापर्यंत म्हणजे शिकागोचे सहा, पुण्यातले नव्हेत. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात.